अकरा माणसं आणि एक बकरी

पहिला मेला तेव्हा हॉल गप्प होता.
दुसरा पेट्रोल पंपावर, तोंडात अर्धा समोसा असताना गेला,
तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं,
"आता समोशाचे पैसे कोण देईन बे?"
आणि मारेगावचं पत्र्याचं टॉकीज
असं हसलं की कैच्यांवरची कबुतरं उडाली.

मी दारात. तिकिटं फाडून झालेली,
अर्धुकं खिशात, बॅटरी हातात.
बावीस वर्षं मी पिक्चर बघतो
पडद्याकडे पाठ करून.
माणसांच्या तोंडावर तो जास्त स्वच्छ दिसतो.

दोघे भाऊ, चोरीची जीप, डिकीत मेलेला ठेकेदार.
ठेकेदाराच्या खिशात फोन वाजत राहतो.
बायको विचारते, येताना दही आणाल का?
धाकटा घसा बदलून सांगतो, आणतो.
तिसऱ्या पुलावर पुन्हा फोन. आणतो.
नाक्यावर पोलिसाच्या समोर पुन्हा.
चौथ्या वेळी त्याच्या आधी
सगळा हॉलच ओरडला, "आणतोऽऽ!"
शेवंता नेवारे पदराचा बोळा तोंडात कोंबून
बाकावर आडवी झाली होती.

डिकी उघडली, हात बाहेर लोंबला.
तेव्हा लहानू कोडापे उभा राहिला,
सरकारी दवाखान्यात चिरफाडीच्या खोलीत असतो तो.
"सहा तास झाले ना मराले?
हात असा नाई लोंबत. लाकूड होते."
लोक त्यालाच हसले.
तोही हसला, थोडा उशिरा,
आणि खाली बसताना
स्वतःचा हात मांडीखाली घेतला.

मग तो उतार.
तोवर अकरा माणसं मेली होती.
जीप सुसाट, वळणावर आडवी बकरी,
एक धप्प, काच लाल,
आणि थोरला शांतपणे वायपर चालू करतो.
इथं हसायचं होतं.
हसायला जागा सोडली होती, संगीतसुद्धा थांबवलं होतं.

कोणी हसलं नाही.
मी बॅटरी लावून पाहिलं, सगळे आहेत की गेले.

"थांबव ना बे गाडी!"
"गाभण होती वं, पोट पाह्यलं का?"
"चार हजार तरी धरा."
"चारात आजकाल पाठ नाई येत, बाप्पा."
एक चप्पल उडाली, थोरल्याच्या कपाळाला लागली
आणि त्याच कपाळावर थोडा वेळ
पडदा हलत राहिला.
अकरांचा भाव कोणी काढला नव्हता.
त्यात एक लहान पोरगाही होता, चिक्कीवाला.

सुटल्यावर पानठेल्यावर हीच गर्दी.
तलाठी म्हणाले, समाजाला काही संदेश नाही.
आयटीआयची पोरं म्हणाली, उद्या पुन्हा.
कोळशाच्या डंपरवरचा मुनीर म्हणाला,
गाडी चालवायला येत नाही हिरोला,
क्लच न दाबता गिअर टाकतो.
लहानू काही बोलला नाही, खर्रा घोटत राहिला.
शेवंता सायकलच्या मागे बसताना म्हणाली,
"त्या बाईचं दही राह्यलंच ना पण."
तिचा नवरा अजून हसतच होता.

बाकांखाली झाडलं: शेंगांची फोलं, एक फणी,
ती चप्पल, डाव्या पायाची.
दाराला कुलूप घालून निघालो तेव्हा साडेबारा.

नाल्याच्या पुढे मागून उजेड आला,
जीप हळू झाली.
आत दोघे. चेहरे काही दिसले नाहीत.
"करंजीले हाच रस्ता का?"
सरळ, म्हटलं. थांबायचं नाही कुठंच.
मागचा एकच दिवा चालू होता.
डिकीकडे पाहायचं नव्हतं, पाहिलं,
आणि मला हसू फुटलं.
पाय पॅडलवर ठरेना,
उतरून बाभळीला धरून हसलो,
एकटाच, त्या अंधारात, पोट दुखेस्तोवर.

तेवढ्यात खिशात फोन वाजला.
घरून होता.
मी घसा खाकरला
आणि म्हणालो, "आणतो,"
काय आणायचं ते तिनं सांगायच्या आधीच.